तळाला भोक असलेला रांजण

रांजण पालथा घातलेला होता. अजून ओलसर, पण बोट टेकले तर ठसा उमटणार नाही इतपत आवळलेला. कुंभाराने लोखंडी नळीचा तुकडा तळाच्या मधोमध टेकवला, मनगट फिरवले, आणि रुपयाएवढी मातीची चकती काढून शेजारच्या चिखलाच्या ढिगावर टाकून दिली. मग ओल्या बोटाने भोकाची कड गुळगुळीत केली आणि तो पुढच्या रांजणाकडे वळला. गोव्यातल्या कुठल्याशा हॉटेलाच्या बागेसाठी ही मागणी होती. रांजण नुसते शोभेला उभे करायचे, त्यांत पावसाचे पाणी साचून डास होऊ नयेत म्हणून प्रत्येकाच्या तळाला भोक हवे, असे त्यांनी फोनवरच बजावले होते. मी खानापूरजवळच्या त्या गावी गेले होते तुळशीसाठी कुंडी घ्यायला, आणि या कामापाशी अडखळून उभी राहिले. पाणी धरण्यासाठी माणसाने जे भांडे योजले, ते भट्टीत जाण्याआधीच गळके करून टाकायचे, हे काही केल्या मनाला पटेना. "मामा, तुम्हाला काहीच वाटत नाही का हो?" असे विचारले, तेव्हा त्याने मानही वर केली नाही. "वाटायचं काय त्यात, ताई? भोक पाडलं की तळ तडकत न्हाई बघा. आमचं काम हलकंच झालं की."

त्याचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. मोठ्या भांड्याचा तळ जाड असतो आणि तो अंगापेक्षा उशिरा वाळतो. कडा आधी आवळतात, मधला भाग मागाहून आवळू लागतो, पण तोवर कडा हलायला तयार नसतात. या ओढाताणीत तळाच्या मध्यावर तडा जातो. मध्यावर भोकच असेल, तर ताणायला तिथे मातीच उरत नाही. म्हणजे मला जे विद्रूप वाटले होते, ते त्याच्या दृष्टीने नुकसान टाळण्याची सोय होती, आणि तीही गिऱ्हाइकाच्याच सांगण्यावरून मिळालेली. तरीही बेळगावला परतताना ते भोक माझ्या डोक्यातून जाईना.

याचे कारण आजोळच्या परसात आहे. तिथे न्हाणीच्या भिंतीला लागून एक रांजण होता, बूड जमिनीत थोडे पुरलेला. कानडी शेजारीण त्याला हरवी म्हणायची. त्याच्या पोटावर बाहेरून कायम ओल असे, आणि भिंतीकडच्या अंगाला, जिथे ऊन पोचत नसे, तिथे बारीक हिरवे शेवाळ धरलेले असे. उन्हाळ्यात आजी त्याच्याभोवती ओले गोणपाट गुंडाळायची. दुपारी अनवाणी पळत येऊन त्या ओल्या पोटाला गाल लावला की कानशिलापर्यंत गारवा जायचा, आणि पाठीवर आजीची हाक यायची, "हात घालू नको आत, तांब्या घे!" झाकणावरचा तांब्या, पाण्याला येणारा मातीचा आणि किंचित गोणपाटाचा वास, आणि आत वाकून हाक मारली की पोटातून जाड होऊन परत येणारा स्वतःचाच आवाज हे सगळे त्या एका भांड्यात होते. मात्र विहिरीवरून घागरी वाहून तो भरण्याचे काम मामीकडे होते, आणि ती काही त्या रांजणाविषयी कधी प्रेमाने बोलल्याचे मला आठवत नाही. घरात नळ आला, त्या वर्षी रांजण उचलून मागे टाकण्यात सगळ्यांत पुढे तीच होती.

रांजण म्हटले की मला हटकून वाल्या कोळीही आठवतो. एका हत्येला एक खडा, असे सात रांजण भरले, ही गोष्ट लहानपणी ऐकताना सगळ्यांचे लक्ष खड्यांकडे असते. आता कुंभाराच्या परसात उभे राहून घडण पाहिल्यावर मला वाटू लागले आहे की, ते सात रांजण ज्याने घडवले त्या कुंभारालाही त्या गोष्टीत एखादी ओळ मिळायला हवी होती.

कारण रांजण चाकावर होत नाही.

निदान एका बैठकीत तर नाहीच. घागर किंवा कुंडी चाकावर उठते, दोरीने कापून उतरवली की ओल्या आकाराचे काम संपते. रांजणाची माती तेवढ्या उंचीला स्वतःचाच भार पेलू शकत नाही. ओली भिंत वर नेऊ लागले की खालची बसते. म्हणून तो टप्प्याटप्प्याने वर न्यावा लागतो. आधी जाड बुडाचा, परातीसारखा खालचा भाग करून ठेवतात. तो जरा आवळला की त्याच्या काठावर मनगटाएवढ्या जाडीची मातीची वळी बसवतात, आतून-बाहेरून बोटांनी सांधतात आणि मग थापटायला घेतात. डाव्या हातात गुळगुळीत दगडी गोळा, तो भांड्याच्या आत. उजव्या हातात लाकडी थापटणे, ते बाहेर. गोळा आणि थापटणे भिंतीच्या दोन्ही बाजूंनी नेमके समोरासमोर यावे लागतात. ते जरा चुकले की भिंत आत तरी दबते किंवा बाहेर तरी येते. थापटणे ओल्या मातीला चिकटू नये म्हणून मध्येमध्ये राखेची चिमूट भुरभुरतात. भांडे जागेवर राहते आणि माणूसच उलट पावली त्याच्याभोवती फिरत राहतो. प्रत्येक फेरीबरोबर भिंत पातळ होते, वर सरकते, फुगते, आणि थापटण्याचा आवाज बदलत जातो: सुरुवातीला मऊ आणि दबका, शेवटी टपटपीत. मामाची नजर या वेळी कामावर नव्हतीच. तो माझ्याशी माझ्या गावाबद्दल, पावसाबद्दल, जावयाच्या नोकरीबद्दल बोलत होता आणि हात आवाजावर चालले होते.

एवढे झाले की थांबायचे. नवा भाग आवळेपर्यंत पुढची वळी बसवता येत नाही, आणि वरचा काठ मात्र वाळू द्यायचा नसतो, नाहीतर नवी माती जुन्या मातीला धरत नाही. म्हणून काठावर ओला फडका आणि खाली उघडे अंग, अशा अर्धवट स्थितीत ते भांडे उभे राहते. खालचे कोरडे हवे, वरचे ओले हवे. या कामातले सगळे कसब मला तरी इथेच दिसले. थापटणे सवयीने येत असेल. पण आज वारा कोणत्या दिशेचा आहे, फडका केव्हा काढायचा, रात्री झाकायचे की उघडे ठेवायचे, हे दर दिवशी नव्याने ठरवावे लागते. त्या परसात असे अर्धवट रांजण ओळीने उभे होते, कोणी गुडघ्याएवढा, कोणी कंबरेएवढा, आणि मामा एकाकडून दुसऱ्याकडे जात प्रत्येकाला तळहाताची मागची बाजू लावून पाहत होता.

माती जवळपासच्या भातशेतीतली. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि खानापूरला येईपर्यंत तिच्या दोन्ही अंगांना भाताची खाचरे पसरतात. त्यांतल्या खालच्या थरातली चिकणमाती पावसाआधी खणून ठेवतात. पण नुसत्या चिकणमातीचा रांजण उभाच वाळताना फाटेल. त्यासाठी तिच्यात बारीक वाळू, घोड्याची लीद किंवा भाताचे तूस मिसळतात. वाळूमुळे आकसणे कमी होते. लीद आणि तूस भट्टीत जळून जातात आणि त्यांच्या जागी सूक्ष्म छिद्रे राहतात. रांजणातले पाणी त्या वाटांनी पाझरत बाहेरच्या अंगाला येते, तिथे उडून जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. आजोळच्या रांजणाच्या ज्या गार पोटाला मी गाल लावायची, तो गारवा असा जळून गेलेल्या तुसाने आणि लिदेने ठेवलेल्या रिकाम्या जागेतून येत होता. एवढे करूनही माती ओल्यापासून भाजून होईपर्यंत शेकडा आठ ते बारा भाग आकसतेच, तेव्हा तीन फुटी रांजण हवा असेल तर तो हाताने त्याहून मोठाच घडवावा लागतो.

आता त्याच मातीला वीटभट्ट्यांची मागणी आहे. वीटवाला शेतकऱ्याला एकरकमी पैसे देऊन खाचराचा थरच उचलतो. कुंभाराला लागते ट्रॅक्टरभर, तीही निवडून. शेतकऱ्याने कोणाला द्यावी? मामाला यात अन्याय दिसत नाही. "त्यांचं पण घर चालायला पायजे की वो," एवढेच तो म्हणतो. मला मात्र तो थर एकदा गेला की परत येत नाही, हे गप्प बसून पाहवत नाही.

भट्टी लावायच्या दिवशी मी मुद्दाम गेले. पूर्वी उघड्यावरचा आवा असे. भांडी रचायची, लाकूड, गोवऱ्या आणि पेंढा घालायचा, वरून खापऱ्या आणि चिखलाचा लेप. मोठ्या भांड्यांना तो सोसत नाही, कारण वाऱ्याची झुळूक आली की एका अंगाला जाळ आणि दुसऱ्या अंगाला धूर होतो. मामाकडे गोल भिंतीची भट्टी आहे. खाली जाळाचे तोंड, वर छिद्रांची फरशी, तिच्यावर भांडी, आणि माथ्यावर फुटक्या खापरांचे झाकण. रांजण पालथे, विटांच्या तुकड्यांवर टेकवून ठेवले, म्हणजे त्यांच्या पोटातही ऊब शिरते. मधल्या फटींत कुंड्या, पणत्या, परळ. रचायलाच दुपार गेली. दोघे जण एकेक रांजण दोरीच्या चुंबळीवरून आत उतरवत होते आणि या वेळी कोणीच गप्पा मारत नव्हते, कारण भाजण्याआधीची वाळलेली माती सगळ्यांत ठिसूळ. एक कोपर लागले की खेळ खलास.

जाळ सुरू झाला तेव्हा मला थोडे हसूच आले. एवढी मोठी भट्टी, आणि तोंडाशी दोन-तीन ओंडके नुसते धुमसत ठेवलेले. ते रात्रभर तसेच. मातीला हाताला कोरडी लागली म्हणून ती कोरडी नसते. आत ओल असतेच, आणि पाण्याची वाफ झाली की तिचे आकारमान सोळाशे पटींहून अधिक वाढते. पातळ पणतीतून ती सहज निसटते. बोटभर जाडीच्या रांजणातून तिला बाहेर यायला वेळ लागतो, आणि वेळ दिला नाही तर ती वाट फोडून काढते. भट्टीच्या माथ्यावरून पांढरट, जड धूर निघत होता. मामाच्या मुलाने बाहेर गार पडलेली लोखंडी सळई त्या धुरात धरली आणि माझ्यापुढे केली. तिच्यावर घामासारखे थेंब होते. "अजून ओल हाय," तो म्हणाला. पहाटे पुन्हा सळई धरली, ती कोरडी निघाली, तेव्हा कुठे जाळ वाढवायला सुरुवात झाली.

त्यानंतरचा भाग मी शब्दांत नीट सांगू शकेन की नाही, शंका आहे. पाचशे-सहाशे अंशांच्या आसपास मातीत रासायनिक रीतीने बांधलेले पाणीही सुटते आणि त्यानंतर ती माती परत कधीच चिखल होऊ शकत नाही. याच टप्प्यात, ५७३ अंशांना, वाळूतला क्वार्ट्झ एकाएकी फुगतो. निवताना त्याच अंशाला तो पुन्हा आकसतो. म्हणून चढताना घाई चालत नाही आणि उतरताना तर मुळीच नाही. भट्टीवर मापक वगैरे काही नव्हते. भिंतीतली एक वीट काढता येते. त्या भोकातून आत पाहायचे. आधी नुसता काळोख, मग काळोखातच एक मंद, काळपट लाली, आणि काही तासांनी पिकल्या करवंदाच्या आतल्या रंगापासून केशरीकडे सरकत जाणारा उजेड, ज्यात रांजणांच्या कडा आणि जाळ वेगळे ओळखू येईनासे होतात. आठशे ते नऊशे अंशांच्या मध्ये लाल माती पक्की होते. त्यापलीकडे फार नेली तर छिद्रे मिटत जातात आणि पाणी गार करणारा रांजण उरत नाही.

लाकूड घालण्यातही क्रम आहे. आधी जाड ओंडके, मग चिरलेली नीलगिरी आणि बाभूळ, शेवटी काजूच्या वाळक्या फांद्या, सॉ मिलमधल्या फळकुट्या आणि उसाचे पाचट, ज्यांचा जाळ लांब जातो. तोंडाशी निखारे फार साचले की हवा कोंडते, धूर आत वळतो आणि भांड्यांवर काळे डाग उठतात. म्हणून कुंभारमामाची बायको, इथली मामी, लांब काठीने निखारे ओढत उभी होती. तिच्या पदराला बारीक जळकी भोके होती. खानापूरच्या जंगलाच्या एवढ्या जवळ राहूनही लाकूड विकतच घ्यावे लागते, आणि ते योग्यच आहे. भीमगडसारखे अभयारण्य त्याच तालुक्यात असताना कुणीही उठून झाड पाडू लागला तर काय शिल्लक राहील? पण त्या रात्री किती लाकूड त्या तोंडात गेले ते पाहिल्यावर, हातच्या कामाविषयी आपण जे हळवे बोलतो त्यात या ढिगाचा हिशेब कधी धरत नाही, हेही जाणवले. जवळच नवी घरे झाली आहेत. धुराबद्दल तिथून तक्रार येते, म्हणून मोठा जाळ आता रात्रीच करतात.

जागरणात गोरोबाकाकांचा विषय निघणारच होता. मी म्हटले, संतांच्या डोक्यांवर थापटणे मारून त्यांनी कोण कच्चा ते पाहिले, आणि नामदेव तेवढे कच्चे निघाले. मामा हसला. "थापटण्यानं हाणून कोण बघतंय? भाजलेलं मडकं बोटानं कळतंय." आणि त्याने जवळच्या जुन्या घागरीवर मधल्या बोटाचे पेर आपटून दाखवले, ती खणखणली. थापटणे ओल्या भांड्याचे हत्यार. ते ज्याच्यावर उगारावे लागते, ते भांडे अजून घडायचेच असते. गोरोबा कुंभार होते, त्यांना हे ठाऊक नसेल असे थोडेच आहे? मग मला वाटले, परीक्षा त्या मंडळींत एकट्या नामदेवांचीच होती, बाकीच्यांनी उगाच मार खाल्ला.

माझ्या मनातले ते भोक मात्र मी मामीपाशीच बोलून दाखवले. ती काठी टेकून बसली. "भोकाचं मडकं नवीन काय हाय त्यात?" ती म्हणाली. "पिंडीवर टांगताय ती गळती कुणी केली? आणि शेवटाला तर तुम्हीच दगडानं भोक पाडताय की." स्मशानातले ते मडके, प्रत्येक फेरीला दगडाने टोचलेले, खांद्यावरून पाण्याची धार सोडत जाणारे, माझ्या डोळ्यांपुढे आले आणि मला पुढे काही बोलता आले नाही. मामानेही त्यात भर घातली. त्याच्या आजाचे मुख्य काम कौले करण्याचे. चाकावर निमुळती, दोन्हीकडून उघडी नळी उठवायची आणि ओली असतानाच उभी चिरून तिची दोन अर्धी नळीची कौले करायची. १८६५ साली बासेल मिशनने मंगळुरात कारखाना काढला, पुढे यंत्रावर दाबलेली मंगळुरी कौले सगळीकडे पसरली आणि घरोघरची नळीची कौले उतरली. म्हणजे या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या चाकावर गोल उठवलेली वस्तू कापूनच पोट भरले होते. पाणी धरणारा रांजण हीच मातीकामाची खरी ओळख, हे त्याच्या घरात कोणी म्हटले नव्हते. ते मी आजोळहून घेऊन आले होते. मण्णेत्तिन अमावास्येला मातीचे बैल, नागपंचमीला नाग, संक्रांतीला सुगडी, नवरात्रात घट, लग्नात मडकी, आणि आता हॉटेलाला भोकाचे रांजण. खानापुरात खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची मध्यवर्ती संस्था आहे. मामाचा मुलगा तिथे शिकून आला आहे आणि त्याला शोभेच्या कामातच पुढची वाट दिसते. त्याचे चुकते आहे असे मला म्हणता येत नाही, आणि बरोबर आहे असे म्हणायला जीभ वळत नाही.

भट्टीचे तोंड चिखलाने लिंपून ती तशीच निवू दिली. उघडली तेव्हा माथ्यावरची खापरे अजून कोमट होती. भोकाचे रांजण सगळे सुखरूप निघाले, एकसारखे लाल, एकाच्या पोटावर फक्त धुराचा तिरका पट्टा. मला तो सगळ्यांत देखणा वाटला. हॉटेलवाल्याने नेमका तोच परत दिला असता, म्हणून मुलाने तो बाजूला काढला. बाकीचे पेंढ्यात रचून टेम्पोत चढले. चोर्ल्याच्या घाटातली वळणे हीच आता त्यांची शेवटची परीक्षा, असे मामा म्हणाला, आणि ड्रायव्हरला सावकाश जायला त्याने दोनदा सांगितले.

मग मी विचारले, मला एक बिनभोकाचा कराल का? मामाने आधी विचारले, कुठे ठेवणार. मी म्हटले, बाल्कनीत, तिसऱ्या मजल्यावर. त्याने मनात हिशेब केला. शंभर लिटरचा म्हटला तर पाण्याचेच शंभर किलो, रांजणाचे वजन वेगळे. स्लॅब सोसेल, पण लिफ्टच्या दारातून जाईल का? आणि मग, अगदी सहज, "पाणी रोज कोण भरणार?" याचे उत्तर आजोळी मामी होते, माझ्याकडे कुणी नव्हते. तो थांबला नाही. बिनभोकाचा थोडा महाग पडेल, म्हणाला, कारण तो पाणी भरून तपासावा लागतो आणि जास्त झिरपणारा निघाला तर त्याला दुसरा करून द्यावा लागतो. शिवाय तळ तडकण्याची जोखीम त्याची. आता मृग तोंडावर आहे, पावसात काही वाळत नाही, तेव्हा दिवाळी झाल्यावर. मी घरात कुणालाही न विचारता विसार दिला. त्याने वहीत माझे नाव लिहिले, त्यापुढे लिफ्टच्या दाराची रुंदी लिहायला जागा सोडली आणि ती मोजून फोनवर कळवायला सांगितले.